टेबलावर न चढता

दवाखान्याच्या बाथरूमला आतून कडी घातली, कमोडच्या झाकणावर बसले आणि नर्सने दिलेला कागद पुन्हा एकदा वाचला. हातात पारदर्शक प्लॅस्टिकचं एक साधन होतं. वर पन्हाळीसारखं तोंड, खाली फिरवून बसवलेली छोटी नळी, नळीच्या तळाशी थोडंसं पाण्यासारखं द्रव्य. साधन उभं धरायचं, तोंड अंगाला टेकवायचं आणि धार सुरू करायची. नळी भरली की आतलं तरंगतं बूच वर येऊन वाट बंद करतं आणि उरलेली लघवी बाजूने खाली पडते. अर्ध्या मिनिटाचं काम.

कागदावर दोन सूचना मात्र ठळक होत्या. आधी तासभर लघवीला जाऊ नका. आणि जागा धुऊ नका, पुसू नका.

दुसरी सूचना वाचून मी थबकले, कारण मी घरून निघताना स्वच्छ धुऊन आले होते. बाईच्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे आधी धुऊन जायचं, हे आईने शिकवलेलं. बाहेर येऊन नर्सला तसं सांगितलं. ती म्हणाली, "किती वेळ झाला?" म्हटलं, दीड तास. तिने ते कागदावर टिपून घेतलं आणि म्हणाली, "चालेल. पण सांगितलंत ते बरं झालं. बऱ्याच जणी सांगत नाहीत."

हे सगळं इतक्या बारकाईने लिहिते आहे, कारण लघवीतून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका शोधणाऱ्या या चाचणीचं सगळं गुपित त्या पहिल्या धारेत आहे, आणि आपल्याकडच्या बायका नेमकी तीच सोडून देतील अशी मला भीती वाटते. लघवीत जंतू आहेत का बघायचं असेल तर डॉक्टर सांगतात, सुरुवातीची सोडा, मधली द्या. आपल्या डोक्यात ते पक्कं बसलेलं असतं. गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी त्याच्या बरोबर उलट. मूत्राशयात साठलेल्या लघवीचा इथे फारसा उपयोग नाही. गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी सतत झडत असतात. त्या चिकट स्रावाबरोबर योनिमार्गातून खाली उतरतात आणि बाहेर, लघवीच्या जागेच्या आसपास येऊन थांबतात. पहिली धार तेवढं धुऊन नेते. त्या पेशींमध्ये एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू असेल तर त्याचा डीएनए त्या पहिल्या वीसेक मिलिलिटरमध्ये मिळतो. 'सकाळची पहिली' असंही नव्हे. दुपारची चालते, संध्याकाळचीही, पण त्या वेळची पहिली धार हवी. नळीतलं द्रव्य डीएनए खराब होऊ नये म्हणून असतं. माझ्या हातातलं साधन बेल्जियमच्या नोव्होसॅनिस कंपनीचं 'कॉली-पी' होतं, आणि ते असं नेमकी पहिली धार पकडण्यासाठीच बनवलेलं आहे.

आता मी तिथे कशी पोचले ते सांगते.

मी मूळची उस्मानाबाद जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यातली. जिल्ह्याला आता धाराशिव म्हणतात, माझ्या तोंडात जुनंच नाव बसलंय. लग्नानंतर पुण्याला, आणि गेली एकोणीस वर्षं इंग्लंडमध्ये, मँचेस्टरजवळ स्टॉकपोर्टला. एका शाळेच्या ऑफिसात काम करते. इथे पंचविशीपासून चौसष्ठीपर्यंत प्रत्येक बाईला सरकारी आरोग्यसेवेकडून गर्भाशयमुखाच्या तपासणीचं पत्र घरी येतं. पैसे लागत नाहीत, वशिला लागत नाही. माझ्या गावच्या बायकांना याचं किती अप्रूप वाटेल याची मला पूर्ण कल्पना आहे. तरीही ते पत्र मी तीन वर्षं स्वयंपाकघराच्या खणात विजेच्या बिलांखाली ठेवलं होतं. त्यानंतर आलेलं आठवणीचं पत्रही तिथेच.

कारण शेहेचाळिसाव्या वर्षीची तपासणी. तेव्हा पाळी पुढेमागे व्हायला लागली होती, अंग कोरडं पडत चाललं होतं आणि हे असं होतं हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. स्पेक्युलम, म्हणजे बदकाच्या चोचीसारखं ते उघडणारं साधन, आत गेलं तेव्हा जे दुखलं ते मी दोन बाळंतपणं काढलेली बाई सांगते आहे. नमुना घेणारी बाई वाईट नव्हती, घाईत होती. मी "थांबा" म्हणायला हवं होतं, पण ते म्हणता येतं हेच मला माहीत नव्हतं. नंतर गाडीत बसून वीस मिनिटं रडले आणि ठरवलं, पुन्हा नाही.

करोना ओसरल्यावर दवाखान्यातून फोन आला. नर्स म्हणाली, तुमची तपासणी फार दिवस राहिली आहे. मी काहीतरी सबब सांगितली. मग ती म्हणाली, आमच्याकडे विद्यापीठाचा एक अभ्यास चालू आहे, लघवीच्या नमुन्याचा, तुम्हाला भाग घ्यायला आवडेल का? मी लगेच विचारलं, म्हणजे टेबलावर झोपायचं नाही? ती म्हणाली, नाही, तेही करायचं आहे. आधी लघवी आणि त्याच भेटीत नेहमीचा नमुना. दोन्हींची तुलना केल्याशिवाय लघवीवर विसंबता येईल की नाही हे कळणार कसं? आणि तुमच्या उपचाराचा निर्णय नेहमीच्या नमुन्यावरच होईल.

मी एक दिवस मागून घेतला. रात्री वाचत बसले. मँचेस्टर विद्यापीठात प्राध्यापक एमा क्रॉस्बी यांचा गट बऱ्याच वर्षांपासून यावर काम करतो आहे. २०१९ साली त्यांनी सेंट मेरीज हॉस्पिटलमधल्या १०४ बायकांचा एक लहान अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यातल्या १८ जणींच्या गर्भाशयमुखावर कॅन्सरच्या आधीचे, उपचार करावे लागतील असे बदल होते, आणि त्यापैकी १५ जणींच्या लघवीत विषाणू सापडला होता. १५ हा आकडा बघून मला आनंद झाला आणि मग उरलेल्या तिघींचा विचार आला. त्या तिघींसाठीच पुढचे मोठे अभ्यास हवेत. बायका त्यात आल्या नाहीत तर टेबलाशिवायचा रस्ता कधीच होणार नाही. दुसऱ्या दिवशी फोन करून हो म्हणाले.

लघवीचा नमुना देऊन झाल्यावर टेबल आलंच. पण या वेळी मी आधी तोंड उघडलं. मागच्या खेपेला काय झालं ते सांगितलं. नर्सने सगळं ऐकून घेतलं. मग लहान मापाचा स्पेक्युलम काढला, मला कुशीवर वळायला सांगितलं आणि म्हणाली, "तुम्ही थांबा म्हणालात की मी थांबणार." मी दोनदा म्हणाले. ती दोन्ही वेळा थांबली. दुखलं, पण मागच्यासारखं नाही. कपडे घालताना तिने सांगितलं, पाळी गेलेल्या बायकांना डॉक्टर योनीत ठेवायचं इस्ट्रोजेन या हार्मोनचं मलम किंवा गोळी देऊ शकतात. तपासणीच्या आधी काही आठवडे वापरलं तर अंग मऊ राहतं. पुढच्या वेळी आधीच मागून घ्या. सहा वर्षं मी ज्या भीतीत काढली तिच्यावर एवढा साधा उपाय होता.

दोन-अडीच आठवड्यांनी पत्र आलं. एचपीव्ही सापडला आहे. पेशींमध्ये बिघाड नाही. बारा महिन्यांनी पुन्हा या.

पत्र वाचून पाय गार पडले. कॅन्सरचं तर मनात आलंच, पण त्याच्याही आधी हे आलं की हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि आता हे घरात सांगायचं कसं. सत्तावीस वर्षांचा संसार. मी संध्याकाळभर पत्र पर्समध्ये घेऊन फिरले. शेवटी जेवणं झाल्यावर यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी वाचलं, गप्प राहिले, मग म्हणाले, "हे माझ्यामुळे का?" मला वाटलं होतं ते उलट विचारतील.

नर्सला फोन करून मी हाच प्रश्न विचारला. ती म्हणाली, हे कुणालाच सांगता येणार नाही. हा विषाणू इतका सर्रास आहे की बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यात कधी ना कधी होतोच, आणि बहुतेकांचं शरीर तो एक-दोन वर्षांत आपोआप घालवतं. काहींच्यात मात्र तो वर्षानुवर्षं गप्प पडून राहतो. आज सापडला म्हणजे काल लागला असं नाही. लग्नाआधीचाही असू शकतो, तुमचा किंवा त्यांचा. कॅन्सर होतो तो क्वचित, विषाणू दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं चिकटून बसला आणि कुणी बघितलं नाही तर. हे आम्ही दोघांनी स्पीकरवर ऐकलं. यांनी पत्र घडी करून माझ्याकडे दिलं आणि म्हणाले, "बारा महिन्यांनी मी गाडी घेऊन येतो."

त्या पत्रामुळे लघवीच्या चाचणीची मर्यादाही मला कळली, आणि ती सांगितल्याशिवाय तिचं कौतुक करणं मला बरोबर वाटत नाही. पूर्वीच्या स्मिअर तपासणीत गर्भाशयमुखावरून खरवडून घेतलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. मग जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८० च्या दशकात या कॅन्सरच्या गाठींमध्ये एचपीव्हीचे १६ आणि १८ हे प्रकार शोधले. गर्भाशयमुखाचे साधारण ७० टक्के कॅन्सर या दोघांमुळे होतात. त्या शोधासाठी त्यांना २००८ चं नोबेल मिळालं. त्या शोधामुळे पुढे वाट बदलली. आधी विषाणू शोधायचा, सापडला तरच पेशी बघायच्या. इंग्लंडमध्ये २०१९ अखेरपासून सगळीकडे असंच चालतं. आणि विषाणूच शोधायचा तर गर्भाशयमुखापर्यंत हात पोचायलाच हवा असं राहत नाही. त्याचा डीएनए खाली, बाहेर, लघवीतही मिळतो. म्हणून तर हे सगळं शक्य झालं. पण लघवीतल्या पेशी बघून बिघाड आहे की नाही हे डॉक्टरांना ठरवता येत नाही. म्हणजे माझं पहिलं उत्तर लघवीतून आलं असतं तरी 'पेशींमध्ये बिघाड नाही' हे दुसरं वाक्य मिळवायला मला टेबलावर जावंच लागलं असतं. ही चाचणी पहिल्या दारापुरती आहे. मात्र बहुतेक बायकांना त्या दारातूनच परत जाता येतं, कारण बहुतेकींना विषाणू नसतोच.

हे सगळं मी मावशीला फोनवर सांगितलं. माझी धाकटी मावशी, कळंबजवळच्या गावात दिलेली. पत्र आल्याचं आईला सांगायचं धाडस नव्हतं, मावशीला काहीही सांगता येतं. मला वाटलं होतं तिला हे नवं असेल. ती म्हणाली, "आमचं तर कवाच झालंय की ते. बार्शीची जीप आलती."

मी उडालेच. कारण ती कसली जीप होती हे मला नुकतंच वाचून माहीत झालं होतं. टाटा मेमोरिअल सेंटर, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरिअल कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधली जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था, या तिघांनी १९९९ पासून आमच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक अभ्यास केला होता. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, ५२ गावसमूह. काही गावांत एचपीव्ही चाचणी, काहींत स्मिअर, काहींत गर्भाशयमुखाला व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावून डोळ्यांनी तपासणी, आणि काही गावं नेहमीच्याच व्यवस्थेवर. २००९ साली डॉ. आर. शंकरनारायणन आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष छापले. आयुष्यात फक्त एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीने त्या गावांमधले या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. बाकीच्या दोन पद्धतींत एवढा फरक दिसला नाही. आज जग ज्या रस्त्याने चाललं आहे त्याचा एक मोठा पुरावा माझ्या माहेरच्या मातीतून गेला आहे, आणि इंग्लंडमध्ये राहून तो मला पन्नाशीनंतर कळला.

मावशीला विचारलं, तुला काय लावलं होतं? म्हणाली, "आंबट वासाचं कायतरी. मग बॅटरीनं बघितलं." म्हणजे तिचं गाव आम्लाच्या तपासणीत होतं. तिला काही निघालं नाही. "नर्सबाई चांगली होती. आमच्यातलंच बोलायची. पन टेबलावर चढायचं म्हनल्यावर निम्म्या बाया माघारी." आणि मग थोडं थांबून, "माझी थोरली जाऊ बी."

थोरल्या जावेला मी लहानपणी बघितलं होतं. उंच, आवाजाला करारी, उन्हाळ्यात आम्हा पोरांना भिजवलेले शेंगदाणे द्यायची. "ती शाळेच्या दारापर्यंत आली माझ्यासंगट. आत टेबल दिसलं तशी उठून गेली. म्हनली, मला काय झालंय? नवऱ्यानं बी मला कधी उजेडात बघितलं न्हाई." सहा-सात वर्षांनी तिला अंगावरून जायला लागलं. पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली. तिला वाटलं, परत आली. चार महिने कुणाला बोलली नाही. बार्शीला नेलं तेव्हा पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर बराच पसरला होता. दिवाळीच्या आधी गेली.

मी मावशीला सांगितलं, आता लघवीतून बघायचं शोधतायत. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मुतून दे म्हनले असते तर दिलं असतं की तिनं. त्यात काय लाजायचं?"

मावशीच्या या वाक्यात जे आहे ते मला कुठल्याही अहवालात सापडलं नाही. स्वतः घेण्याचा दुसरा एक प्रकार आहे, तो जास्त पुढे गेलेला आहे. कापसाच्या बोळ्याची लांब काडी योनीत घालून फिरवायची आणि नळीत टाकायची. जागतिक आरोग्य संघटनेने तो मान्य केला आहे. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२२ पासून कुठलीही बाई तपासणीच्या वेळी तो पर्याय मागू शकते. इंग्लंडनेही २०२५ मध्ये जाहीर केलं की ज्या बायका तपासणीला येत नाहीत त्यांना असं किट घरी पाठवायचं. मी त्याच्या बाजूची आहे. पण थोरल्या जावेने ती काडी आत घातली असती असं मला वाटत नाही. लघवी मात्र तिने प्रत्येक बाळंतपणात दिली होती. लघवी द्यायला लाजायचं नसतं हे बाईला आधीच माहीत असतं. शिवाय ज्यांना आत काहीही घालता येत नाही अशा बायका असतात. कुणाला आखडतं, कुणावर कधी जबरदस्ती झालेली असते, कुणी लग्न झालेली नसते. त्यांच्यासाठी हा तिसरा रस्ता तयार व्हायलाच हवा, आणि नीट पारखून तयार व्हायला हवा.

भारतात २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या १.९ टक्के निघाल्या. शंभरात दोघीसुद्धा नाहीत. आणि वर्षाला सुमारे ८० हजार बायका या कॅन्सरने जातात. हे दोन आकडे शेजारी ठेवले की मला शाळेच्या दारातून माघारी वळणारी ती उंच पाठ दिसते.

बारा महिन्यांनी मी पुन्हा गेले. महिनाभर आधी डॉक्टरांकडून इस्ट्रोजेनच्या गोळ्या मागून घेतल्या होत्या. नर्स तीच होती. मी विचारलं, या वेळी नुसत्या लघवीवर भागेल का? ती म्हणाली, "अजून नाही. अभ्यास वेगळा, रोजचा कार्यक्रम वेगळा. पण तुमच्यासारख्यांनी दिलेल्या नमुन्यांवरच ते ठरणार आहे." मी कुशीवर वळले. या खेपेला एकदाही थांबा म्हणावं लागलं नाही. हे बाहेर गाडीत बसले होते.

पत्र आलं त्या दिवशी मावशीला फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेनऊ, ती अंथरूण घालत होती.

"मावशी, निगेटिव्ह आलं."

"मंजे चांगलं का वाईट?"

"चांगलं. विषाणू गेला."

"मग तसं म्हन की, माझे बाई." आणि मग तिने तिच्या सुनेला हाक मारली, जी आता अडतीस वर्षांची आहे. "हिला सांग ते सगळं. पयल्यापासून सांग."